दोन टिचक्या

गस्तीवरून परत आलं की ते आधी आमचे कान बघत. पाणी नंतर, दिवसाची हकिकत नंतर, आधी कान. वनखात्याच्या रेंज ऑफिसच्या ओट्यावर स्टूल टाकून बसलेले असत. गार्ड सायकल भिंतीला टेकवून वर आला की त्याला जवळ बोलावत आणि आई लेकराचा ताप बघते तसा उलट्या हाताने त्याचा कान चाचपत. गरम लागला की कपाळावर आठी. "किती बोलला बे आज सेटवर?" गार्ड बिचारा एप्रिलच्या उन्हात वणवा विझवून आलेला असायचा, त्याचा कान गार कुठून लागणार? पण हे सांगण्यात अर्थ नव्हता. उन्हाची झळ वेगळी आणि वायरलेस सेटची झळ वेगळी, आणि ती आपल्या हाताला बरोबर कळते, असं त्यांचं ठाम म्हणणं होतं.

बायकांच्या कानाला ते हात लावत नसत. माझी पाळी आली की निंबाच्या झाडाकडे बघत म्हणत, "तूच पाह्य बाई आपला कान. अन् खरं सांगजो."

मी कानाला हात लावून "गार आहे भाऊ" म्हणायची. पुष्कळदा तो गरमच असायचा.

ते आमच्या रेंजचे वायरलेस ऑपरेटर. चांगलं भारदस्त नाव होतं त्यांना, पण ते सरकारी कागदापुरतं. सेटवर सगळे त्यांना 'कंट्रोल' म्हणत आणि समोर 'भाऊ'. कुरखेड्याच्या बाजूला धानाच्या बांध्या संपतात तिथून आमचं जंगल सुरू होतं. आत मोबाइलला रेंज नाही. वाघ आहे, अस्वलं आहेत, आणि एकेका बीटमध्ये, म्हणजे नेमून दिलेल्या पट्ट्यात, एकेक गार्ड. प्रत्येकाच्या कमरेला हातातला वायरलेस सेट, आणि या सगळ्या सेटचं दुसरं टोक म्हणजे भाऊ. मी वनरक्षक म्हणून नवीन रुजू झाले तेव्हा मला जंगलाची भीती होती. भाऊंना जंगलाची अजिबात नव्हती. त्यांना सेटची होती.

ज्या माणसाची नोकरीच वायरलेसवर, त्याने वायरलेसला भ्यावं, याची आम्ही सगळे मनसोक्त मजा घ्यायचो. ऑफिसातला मोठा सेट त्यांनी खोलीच्या पार कोपऱ्यात नेऊन ठेवला होता आणि स्वतः बाहेर ओट्यावर बसत. बोलायचा माईक खिडकीच्या गजांतून बाहेर ओढून घेतलेला. ती गुंडाळीची वायर इतकी ताणलेली की तिच्यातला पीळच निघून गेला होता. त्यांचा स्वतःचा हातातला सेट कापडी पिशवीत घालून निंबाच्या फांदीला टांगलेला. जीपमधून कुठे जायचं झालं तर तो हात लांब करून खिडकीबाहेर धरत, आणि समोरून ट्रक आला की ड्रायव्हर ओरडायचा, "भाऊ, हात आत घ्या." मोबाइल जेवणाच्या स्टीलच्या डब्यात बंद. त्यामुळे तो कधी कोणाला लागायचा नाही, आणि "येताना मिठाचा पुडा आणा" एवढं सांगायला त्यांच्या बायकोला ऑफिसच्या फोनवर रेंजर साहेबांना उठवावं लागायचं. डोक्याला बारमाही ओला दुपट्टा. भर डिसेंबरात कानावरून पाणी गळतंय आणि हा माणूस कुडकुडत बसलाय, हे दृश्य मी पाहिलेलं आहे.

"ऐकाले काई लागत नाई," ते समजावून सांगत. "ऐकतानी सेट थंडा राह्यते. बटन दाबून बोललं का झळ निंगते. म्हणून ऐका बहुत, बोला कमी."

ही भीती त्यांनी भामरागडकडून आणली होती. तरुणपणी ते तिकडच्या एका कॅम्पवर होते. पावसाळ्यात नदी चढली की रस्ता बंद, मग बाहेरच्या जगाशी बोलायला एक सेट तेवढा. तिथे त्यांच्या जोडीला आणखी एक ऑपरेटर होता, स्वभावाने भारी बोलका. गावातली माणसं निरोप घेऊन त्याच्याकडे येत. कोणाची बाई अडली आहे, कोणाचा मुलगा बाहेर शिकायला आहे तो जेवतो का विचारा, औषध कधी येणार ते विचारा. हा सेट गालाला लावून तासन्‌तास बोलत बसे. काम नसलं तर पलीकडच्या कॅम्पवाल्यांना नकला करून दाखवी. पुढे त्याचं डोकं दुखायला लागलं. मग एकाच्या जागी दोन दिसायला लागले. पूर उतरेपर्यंत वाट बघून भाऊंनीच त्याला नागपूरला नेलं. डोक्यात गाठ निघाली.

"म्या डॉक्टरले विचारलं," भाऊ सांगत. "म्हटलं साहेब, हे सेटनं झालं का? थो म्हणला, तसं सांगता येत नाही." इथे ते नेहमी थांबत. "हो नाई म्हणला बाई थो. पन नाई बी नाई म्हणला."

जोडीदार वाचला नाही. तेव्हापासून भाऊंच्या डोक्यात ते एक वाक्य घर करून बसलं.

मी एकदा वाद घातला होता. मला असली भाबडी भीती आवडत नाही, डोक्यात सणक जाते. मी म्हटलं, "भाऊ, ज्यांनी आयुष्यात सेटला हात लावला नाही त्यांनाही गाठ होते."

"होते न. मले मालूम आहे," ते शांतपणे म्हणाले. "पन माह्या जोडीदाराले झाली, अन् थो सेटवर बोलत होता. दोन गोष्टी बाजूबाजूले दिसल्या तं माणूस जोडतेच. तू नोको जोडू. म्या जोडतो."

नवे सेट आले तेव्हा ते कसे वापरायचे हे दाखवायला चंद्रपूरहून एक तंत्रज्ञ आला होता. आम्ही सगळे सतरंजीवर आणि भाऊ दाराबाहेर, चपलांपाशी. त्याचं सांगून झाल्यावर भाऊंनी हात वर केला. सेटसोबतच्या माहितीपुस्तकात बोलताना सेट तोंडापासून थोडा लांब धरा असं म्हटलंय, ते कशासाठी? रेंजर साहेबांनी डोळे मिटून घेतले. पण तो मुलगा चांगला होता, हसला नाही. म्हणाला, आवाज स्वच्छ जातो हे एक. दुसरं, बोलताना सेटमधून लहरी निघतात, त्यांनी थोडी ऊब येऊ शकते. त्याला मर्यादा ठरवलेली आहे, हे सेट तिच्या आत आहेत. त्यापलीकडे काही अपाय होतो का यावर अभ्यास चालू आहेत, पण पक्का पुरावा मिळालेला नाही. तरी काळजी घेतलेली बरी, एवढंच.

"म्हंजे सांगता येत नाई," भाऊ म्हणाले.

"तसं नाही काका. पुरावा नाही, असं आहे."

"तेच थे," म्हणून भाऊ समाधानाने खाली बसले. मला त्या मुलाचं पटलं होतं. भाऊंनी त्याच्या उत्तरातलं हवं तेवढं उचललं आणि बाकीचं सोडून दिलं, याचा मला राग आला. जेवताना मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

पण हेही सांगितलं पाहिजे की पुढच्याच वर्षी मला दिवस गेले, आणि सगळं शहाणपण बाजूला राहिलं. पहिलं माझं टिकलं नव्हतं. या वेळी मी मनातून पार घाबरलेली होते. पोट दिसायला लागलं, पट्ट्याला लावलेला सेट नेमका पोटावर यायचा, आणि हलकी ड्युटी मिळायला अजून अवकाश होता. एक दिवस भाऊंनी मला बोलावलं. बायकोच्या जुन्या लुगड्याची एक लांब बंदाची पिशवी त्यांनी शिवून आणली होती. सेट पिशवीत, पिशवी काठीच्या टोकाला, काठी खांद्यावर आणि पिशवी पाठीमागे लोंबती.

"पोटाले झळ नोको," एवढंच म्हणाले आणि निंबाकडे बघू लागले.

दुसऱ्या कोणी दिली असती तर मी ती पिशवी त्याच्या अंगावर फेकली असती. बाजाराला निघालेल्या म्हातारीसारखी मी गणवेशात, खांद्यावर काठी आणि मागे गाठोडं घेऊन जंगलात फिरले. पोरं हसली. हसू दे म्हटलं. मुलगी धडधाकट झाली, आता अंगणवाडीत जाते. पिशवीमुळे झाली का? सांगता येत नाही. भाऊंनी तसं कधी म्हटलं नाही. बारशाला आले, पाळण्याशी वाकले आणि उलट्या हाताने तिचा कान चाचपला.

"गार आहे," म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा खुलला की तसा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

टिचक्यांची पद्धत त्यांचीच. रोज दिवस मावळताना सेटवर हजेरी व्हायची. भाऊ एकेका बीटचा नंबर पुकारत आणि गार्डाने आपण कुठे आहोत, काय आहे ते सांगायचं. पूर्वी यात बराच वेळ जायचा, कारण माणूस दिवसभर एकटा असतो, बोलायला मिळालं की बोलतो. भाऊंना तेच नको होतं. त्यांनी सगळ्यांना शिकवलं की बोलायचं बटन नुसतं दाबून सोडलं तरी पलीकडे 'टक' असा आवाज जातो. एक टिचकी म्हणजे ऐकलं. दोन टिचक्या म्हणजे सगळं ठीक. काही गडबड असेल तरच बोलायचं. रेंजर साहेबांनाही हे पसंत पडलं, कारण हजेरी झटपट उरकायला लागली. कुठल्याही नियमात ही पद्धत नव्हती, आणि आमच्या रेंजबाहेर कोणाला ती कळलीही नसती.

मला ती हजेरी आवडायची. मी सात नंबर. तळ्याच्या पाळीवर बसून सेट शेजारी ठेवायची. "एक नंबर?" टक टक. "दोन नंबर?" टक टक. सगळं जंगल गप्प आणि त्यात आमच्या टिचक्या. प्रत्येकाची तऱ्हा निराळी. कोणी घाईत, कोणी सावकाश. चार नंबरचा मडावी तर ढोलावर थाप टाकावी तशा ठेक्यात द्यायचा, आणि भाऊ त्याला हमखास झापत, "नाच नोको करू बे." मडावी माझ्याच बॅचचा. लहान चणीचा, हसरा. सेटवर तोच सगळ्यात जास्त बोलायचा, आणि त्याचा कान भाऊ सगळ्यात जास्त वेळ चाचपायचे.

गडबड असेल तर बोलायचं, असं ठरलं होतं. गडबडीत माणसाचं तोंड शाबूत राहील, हे आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

मोहफुलांचे दिवस होते. त्या दिवसांत अस्वल मोहाखालीच असतं. मडावीची बायको लेकरं घेऊन माहेरी गेलेली, तो जंगलातल्या चौकीवर मुक्कामाला होता. सोबतचा मजूर लग्नाला गेला होता. संध्याकाळी हजेरी सुरू झाली. मी पाळीवर बसले होते. "चार नंबर?" भाऊंनी पुकारलं. जरा वेळ गेला. मग एक टिचकी आली. मग थोडं थांबून दुसरी.

"चार नंबर ठीक," भाऊ म्हणाले. "पाच नंबर?"

पाच नंबरच्या वेळी मध्येच आणखी एक टिचकी आली. कोणाचं तरी बोट लागलं असेल, असं सगळ्यांना वाटलं. हजेरी पुढे गेली, सहा झाला, मी दोनदा बटन दाबलं आणि घरी गेले.

सकाळी मोहफुलं वेचायला गेलेल्या बायांना मडावी नाल्याच्या काठी सापडला. अस्वलाने त्याचा जबडा नेला होता. स्वतःचा दुपट्टा त्याने स्वतःच तोंडाला घट्ट बांधला होता, म्हणजे तो बराच वेळ शुद्धीवर होता. सेट हाताशी पडला होता.

तालुक्याच्या दवाखान्यात आम्ही सगळे उभे होतो. डॉक्टर बाहेर येऊन तो गेल्याचं म्हणाले तेव्हा भाऊ पुढे झाले. डोक्यावर दुपट्टा नव्हता. त्यांना तसं उघड्या डोक्याने मी पहिल्यांदा पाहत होते, केस पार विरळ झालेले.

"साहेब, संध्याकाळीच आणला असता तं वाचला असता का?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. "आता ते सांगता येत नाही," ते म्हणाले.

भाऊंनी मान डोलावली आणि भिंतीशी जाऊन उकिडवे बसले. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

चौकशी झाली. कागदावर अस्वल आलं, टिचक्या आल्या नाहीत. भाऊंना कोणी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं. मडावीच्या बायकोने मात्र विचारलं. ती ऑफिसात सही करायला आली होती, लहानगं कडेवर होतं. ओट्यावर भाऊंसमोर उभी राहिली.

"त्यानं आवाज देला होता म्हन्ते न भाऊ?"

"देला होता."

"मंग?"

भाऊ निंबावरच्या पिशवीकडे बघत राहिले. तिने लहानगं दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती पायऱ्या उतरली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी निंबावरची पिशवी उतरवली. सेट बाहेर काढला आणि कानाला लावला. पार गालाला चिकटवून. स्टूल आत नेलं, कोपऱ्यातल्या मोठ्या सेटला खेटून ठेवलं आणि तिथे बसले. मोबाइलही डब्यातून निघून शर्टच्या खिशात आला. संध्याकाळी हजेरीला त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "आजपासून टिचक्या बंद. मी मानत नाई. आवाज पाह्यजे. आवाज नाई आला तं मी निंगतो."

त्यानंतर त्यांनी कोणाचाही कान चाचपला नाही.

हजेरी लांबत गेली. एक शब्द बोलून त्यांचं भागत नसे. काय जेवला? भाजी कायची केली? लेकरू बरं आहे का? गार्ड वैतागत. रेंजर साहेबांनी दोनदा समज दिली. भाऊ हो साहेब म्हणत आणि संध्याकाळी पुन्हा विचारत, "बाई, काय रांधलं आज?" मी म्हणायची, "वांगं भाऊ." ते म्हणायचे, "कसं केलं?" मग मला वांगं कसं केलं तेही सांगावं लागे. आमच्याकडून जितके शब्द काढता येतील तितके ते काढून घेत होते. आणि त्यासाठी स्वतःही बोलत होते, बटन दाबून, सेट गालाला लावून, ज्या झळेला ते आयुष्यभर भ्याले तिच्यात बसून.

निंगतो म्हणजे ते खरंच निघत. एकदा माझ्या सेटची बॅटरी बसली. मी विचार केला, गावात जाऊन कोणाच्या तरी फोनवरून कळवू. गावात पोचले, ओळखीच्या घरी चहा टाकला गेला, आणि तेवढ्यात जीप आली. भाऊ, ड्रायव्हर, दोन मजूर. भाऊ उतरले, माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. माझ्या हातात कप होता. मला वाटलं आता शिव्या बसणार.

"चहा घ्या भाऊ," मी कसंबसं म्हटलं.

"नाई," ते म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले. बसल्याबसल्या सेट पुन्हा गालाला लावला.

त्यांचा डावा कान लाल राहू लागला. सेट घासून घासून असेल, घामाने असेल. कातडी सोलली होती. एक दिवस मी दार लावून घेतलं आणि स्पष्ट बोलले. म्हटलं, "भाऊ, तुम्ही हे मुद्दाम करून राह्यले. स्वतःले जाळून मडावी येनार नाई."

त्यांनी सेट कानापासून काढला नाही. "जाळून घ्याले नाई बाई," म्हणाले. "म्या आमच्या डोक्याची चिंता केली. थो तिथी पडला होता, अन् म्या म्हटलं ठीक. आता दूर धरलं तं मले वाटते, कोनी हळू बोलत असन अन् मले आइकू येनार नाई."

मी खोबरेल तेलाची बाटली आणून त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती वापरली का, मला माहीत नाही.

निवृत्तीला थोडे महिने उरले असताना ते घडलं. सकाळची वेळ होती. वणव्याच्या दिवसांत सकाळीही हजेरी व्हायची. मी तळ्याच्या पाळीवरच होते. "तीन नंबर, काय," असं म्हणून भाऊ थांबले. मग पुन्हा "काय" म्हणाले, पण तो शब्द जड आला, तोंडात घास असल्यासारखा. मग नुसतं बटन दाबल्याचा आवाज, त्यामागे श्वास, आणि बटन सुटलं.

"कंट्रोल, आवाज द्या," तीन नंबर म्हणाला.

टक, असा आवाज आला. मग आणखी एकदा, टक.

कोणीही ठीक म्हटलं नाही. एकदम दोन-तीन जण बोलायला लागले, सेटवर नुसता कल्ला. एक नंबर ऑफिसच्या जवळ होता, तो सायकल दामटत निघाला. मीही गाडीला किक मारली. मी पोचले तोपर्यंत त्यांना जीपमध्ये आडवं घातलं होतं. गडचिरोली, आणि तिथून चंद्रपूर. लवकर आणलं म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं.

त्यांची बायको दवाखान्याच्या पायरीवर बसून एकच म्हणत होती, "त्या बोलत्या डब्यानंच खाल्लं माह्या मानसाले." मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, वायरलेसमुळे असं होतं का? या वेळी उत्तर सरळ आलं. रक्तदाब. वर्षानुवर्षं वाढलेला असणार. कधी तपासला नाही, कधी गोळी घेतली नाही. त्या एका झळेवर नजर ठेवता ठेवता त्यांचं दुसऱ्या कशाकडे लक्षच गेलं नव्हतं. मला डॉक्टरांवर चिडायचं होतं, पण त्यांची काय चूक?

ही गोष्ट मी भाऊंना अजून सांगितलेली नाही.

गेल्या महिन्यात कुरखेड्याला तालुक्याच्या कामाला गेले होते, तशी त्यांच्या घरी गेले. पडवीत बाजेवर निजलेले. अंग इतकं उतरलं आहे की आधी ओळखूच आले नाहीत. डाव्या कानाची कातडी मात्र भरून आली आहे. वहिनी मला बसायला खुर्ची देऊन चुलीकडे गेल्या. मी ऑफिसातल्या गोष्टी सांगितल्या. नवा ऑपरेटर आला आहे, भराभर हजेरी घेतो. मुलगी अक्षरं गिरवते. मडावीच्या बायकोला दवाखान्यात काम मिळालं आहे. ते डोळ्यांनी ऐकत होते. मग माझं बोलणं संपलं. उन्हं कलायला लागली होती, मला संध्याकाळच्या हजेरीला बीटवर पोचायचं होतं. मी हेल्मेट उचललं.

"निघते भाऊ. तुमचं ठीक आहे न?"

त्यांचा डावा हात बाजेच्या लाकडावर होता. एक बोट उचललं गेलं आणि लाकडावर पडलं. टक. जरा वेळाने पुन्हा. टक.

मी दारापर्यंत गेले होते. तिथून वळले आणि बाजेपाशी येऊन उभी राहिले.

"टिचक्या मी मानत नाई भाऊ," मी म्हटलं. "आवाज द्या."

त्यांचे ओठ एका बाजूने हलले. गळ्याची शीर ताठ झाली. श्वास आला, त्यात शब्द नव्हता. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. डोळे माझ्या तोंडावर खिळलेले, आणि बोट पुन्हा लाकडावर पडत होतं, सारखं, आता मोजून दोनदा नाही.

मी हेल्मेट बाजेखाली सारलं आणि खुर्ची पुढे ओढून त्यांचा हात हातात घेतला.

"काई म्हन्ते का थे?" चुलीकडून वहिनींनी विचारलं.

"नाई वहिनी," मी म्हटलं. "म्हनूनच बसली मी."